हॅन्डलमधली खाच

त्या दसऱ्यापासून पुढच्या संक्रांतीपर्यंत आमच्या घरात माझी ओळख एका वाक्यात संपत असे: विलासने आईला पाडलं. कुणी पाहुणा आला, आईच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघून हळहळला, की अण्णा चष्मा पुसत पुसत हे वाक्य सांगत. आवाज चढवून नाही. माझे वडील खडकीच्या कारखान्यात तपासनीस होते. समोर येणाऱ्या सुट्या भागांना माप लावायचं आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणून पुढे सरकवायचं, हे त्यांचं काम. त्याच सुरात ते मलाही सरकवत. मी मान खाली घालून पाहुण्यांना पाणी आणून देत असे. आज माझ्या डोक्यावरचे निम्मे केस गेले आहेत, अण्णा नाहीत, आई नाही, आणि तरी तो सूर आठवला की कानाच्या पाळ्या तापतात. हे प्रकरण शांतपणे लिहायचं असं ठरवून बसलो होतो. ते काही जमेलसं दिसत नाही.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे शहाबादी फरशीचं अंगण आणि अंगणाला तारेचं कुंपण. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा, पण आम्हाला जाग यायची ती त्याच्याही आधी, आईच्या भाकरी थापण्याने. आसपासच्या घरांत पोळ्या लाटल्या जात. आई वाघोलीची, शेतकऱ्याघरची. पोळी तिच्या लेखी सणाची गोष्ट होती. परातीवर तिचा हात पडायचा तो अगदी एका लयीत, आणि मध्येच पिठाची मूठ पसरल्याचा बारीक सरसर आवाज. संध्याकाळी याच्या उलट. आधी नाक्यावरून अण्णांच्या मोटारसायकलचा जड धडधडाट ऐकू यायचा, मग आई तवा टाकायची. अण्णा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची, शेजारी लसणीचा ठेचा आणि चिंचेची आमटी. या हिशेबात कधी चूक झाली नाही. गरम भाकरी मिळाल्याबद्दल अण्णांनी कधी काही म्हटल्याचंही मला आठवत नाही. निवली असती तर म्हटलं असतं.

मोटारसायकल लष्कराच्या लिलावातून आलेली, माझ्यापेक्षा वयाने मोठी. अण्णा तिचं सगळं काम स्वतः करत. मेकॅनिककडे गाडी नेणं म्हणजे त्यांना दुसऱ्याच्या घरी जेवायला जाण्यासारखं वाटे. कॉलनीत त्यांचा दबदबा होता. शेजारचे कुलकर्णी म्हणत, 'आमच्या घरचा पंखासुद्धा अण्णासाहेबांनी पास केल्याशिवाय फिरत नाही.' त्यात चेष्टा किती आणि आदर किती हे कुलकर्ण्यांच्या तोंडून कधीच कळत नसे. मला गाडी धुण्याची परवानगी होती. चालवण्याची अधूनमधून, तीही अण्णांना गरज असेल तेव्हा.

त्या जुन्या गाड्यांच्या हॅन्डलच्या मधोमध एक गोल मूठ असायची. ती फिरवून आवळली की हॅन्डल जड होतं, सैल केली की हलकं. खडबडीत वाटेवर हॅन्डल हातातून हिसकलं जाऊ नये म्हणून ती सोय. एरवी ती सैलच ठेवायची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अण्णांनी मूळची मूठ काढून पितळेची करवून घेतली होती आणि तिला दोन बाजूंनी कानस मारून सपाट केलं होतं, पाना बसावा म्हणून. हाताने फिरवायच्या वस्तूला पाना कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण अण्णांनी केलं म्हणजे बरोबरच असणार, अशी घरात हवा होती, आणि मी त्याच हवेत वाढलो होतो.

खंडेनवमीच्या सकाळी मी गाडी धुतली. मूठ पान्याने सोडवून काढली, चिंच-मीठ लावून घासली, सोन्यासारखी केली. तेवढ्यात अण्णांनी हत्यारं गोळा केली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं चौरंगावर मांडत, हळदकुंकू वाहत, आणि ती एकदा मांडली की दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पाने, हातोडी, पक्कड, आईची विळीसुद्धा. वर्षभर राबणाऱ्यांची ती सुट्टी. कारखान्यातल्या प्रत्येक घरात हीच रीत होती. मी मूठ हाताने बसवली, हाताला लागेल तेवढी आवळली, आणि पाना देवापुढे असल्यामुळे तशीच राहू दिली. हॅन्डल एकदम हलकं झालेलं पाहून मला बरंच वाटलं. म्हटलं, गंज निघाला.

दसऱ्याला आई दर वर्षी सोनं द्यायला वाघोलीला तिच्या भावाकडे जायची. त्या वर्षी अण्णांना कारखान्यातल्या यंत्रांच्या पूजेला थांबायचं होतं. म्हणाले, तूच ने आईला, हळू जा. हळू जा असं सगळेच बाप सगळ्याच मुलांना सांगतात. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी, हॅन्डलला झेंडूची माळ. येरवडा मागे पडलं आणि नगर रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना शेतं होती तेव्हा. मी वेग वाढवला. फार नाही, पण वाढवला. पुढे बैलगाडी दिसली म्हणून वेग उतरवायला हात जरा ढिला सोडला, आणि हॅन्डल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग डावीउजवीकडे इतक्या जोराने फडफडायला लागलं की ते माझ्या हातात आहे की मी त्याच्या, हे कळेना. घाबरून मी ते घट्ट आवळून धरलं, तर अजूनच बिथरलं. पुढचं चाक आडवं झालं आणि आम्ही रस्त्याकडेच्या मुरमात. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आईचा डावा कोपर मोडला. ती ओरडलीही नाही. 'माळ तुटली बघ,' एवढंच म्हणाली.

हाड जुळलं, पण कोपर पुरता सरळ कधीच झाला नाही. भाकरी थापायला एक हात पुरतो, परातीतून उचलून तव्यावर टाकायला दोन लागतात. सकाळचा तो आवाज घरातून गेला. मी भाकरी करायला शिकलो. कॉलेजला जाण्याआधी आई शेजारी पाटावर बसून सांगायची आणि मी पीठ मळायचो. माझ्या भाकऱ्या कडेला फाटत. अण्णा तुकडा मोडून उजेडात धरत आणि विचारत, 'ही खायची, की ठिगळ लावायला ठेवायची?' कुलकर्णी कुंपणापलीकडून हसत विचारत, 'काय विलासराव, आज कुणाला नेताय?' मी सगळं मुकाट्याने घेत होतो, कारण मला ते खरं वाटत होतं. हॅन्डल माझ्याच हातांनी हललं असणार, असं वाटून एकटा असलो की दोन्ही हात समोर पसरून बघायचो, बोटं थरथरतात का.

पडलेली गाडी घरी आली तेव्हा अण्णांनी वाकलेलं मडगार्ड बघितलं नाही, फुटलेला दिवा बघितला नाही. आधी पाना आणला आणि ती मूठ आवळली. मी समोर उभा होतो. 'ही सैल कुणी केली?' म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. मला वाटलं, चिडलेत. आज कळतं, त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. कुणाला तरी उचलून आपटावं असं मला तेव्हाच वाटायला हवं होतं. पण मी काय केलं? त्या दिवसापासून दोन अपराध डोक्यावर घेतले: हॅन्डलवर हात थरथरले हा एक, आणि मूठ सैल केली हा दुसरा.

दिवाळीनंतर कॉलेजात एका मित्राच्या काकांची अगदी तशीच गाडी पाहायला मिळाली. सहज हात लावला तर तिची मूठ दोन बोटांनी फिरली. मी काकांना विचारलं, ही आवळत नाही का तुम्ही? ते म्हणाले, 'कशाला? गाडी आजारी आहे का माझी?' घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं.

पुढच्याच आठवड्यात अण्णा कामासाठी बाहेरगावी गेले. मी गाडी मागच्या अंगणात घेतली. आई कोपर मांडीवर ठेवून उंबऱ्यात बसली होती. काय करतोस असं तिने विचारलं नाही. आधी टायर पाहिला, हवा पाहिली. मग इंजिनाखाली लाकडी खोकं सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि कडेला खडू धरून फिरवलं. खडू सगळीकडे सारखा लागला, म्हणजे चाक वाकडं नव्हतं. आऱ्या एकेक करून पान्याने वाजवल्या, सगळ्या खणखणीत. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुतळी ताणून पाहिली, दोन्ही चाकं एका रेषेत. चाक वरखाली धरून हलवलं, जराही ढिलेपणा नाही. शेवटी ती पितळी मूठ पुरती सैल केली आणि हॅन्डल एका बोटाने सावकाश या बाजूकडून त्या बाजूला नेलं. बरोबर मध्यावर, चाक सरळ असताना, ते अडकलं. खाचेत बसावं तसं. जरा जोर दिला की टक् करून सुटायचं. पुढचं चाक ज्यांत बसतं ते दोन्ही पाय धरून मागेपुढे ओढले तर वर मानेत, म्हणजे हॅन्डल जिथे फिरतं तिथे, खडखड. मग मूठ पान्याने आवळली आणि पुन्हा हॅन्डल फिरवलं. खाच गायब, खडखड गायब. सगळं जड आणि गुळगुळीत. मी तीन-चारदा सैल करून, आवळून पाहिलं. 

हॅन्डल ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या वर आणि खाली पोलादी वाट्या असतात आणि त्यांत छर्रे, म्हणजे बारीक पोलादी गोळ्या. त्याला कोनसेट म्हणतात. वाट्या गुळगुळीत असल्या तर हॅन्डल आपल्या मनाने सरळ राहतं. त्यांत खड्डे पडले की वेगात चाकाला आपली जागा सापडत नाही आणि ते थरथरायला लागतं. मी मान उघडली. वाट्यांत खड्डे होते, एकेका छर्‍याच्या आकाराचे, ओळीने, आरशात बघितल्यासारखे स्पष्ट. मला धक्का त्यांचा बसला नाही. जुन्या गाडीत खड्डे पडणारच. धक्का बसला तो छर्‍यांचा. छर्रे नवे कोरे होते. ग्रीस पिवळंधमक, हाताला ताजं लागणारं. म्हणजे कुणीतरी ही मान फार दिवसांपूर्वी नाही, अलीकडेच उघडली होती, खड्डे डोळ्यांनी पाहिले होते, वाट्या मिळत नाहीत म्हणून त्याच खड्ड्यांत नवे छर्रे भरले होते, आणि वरून पितळी मुठीने गळा आवळून ठेवला होता. आमच्या गाडीला हात लावणारा दुसरा माणूस नव्हता.

अण्णा ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, भर दुपारी परत आले. अंगणात वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडलेले. पिशवी हातातच होती त्यांच्या.

'कुणाला विचारून उघडलीस?'

मी खालची वाटी त्यांच्यापुढे धरली. म्हणालो, 'ही तुम्ही पास केली होती?'

घरात असं कुणी त्यांच्याशी कधी बोललं नव्हतं. 'मी मूठ आवळून ठेवली होती,' ते म्हणाले. 'इतकी वर्षं चालवतोय मी. काही झालं का? तू सैल केलीस.'

उंबऱ्यातून आई म्हणाली, 'म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.'

एखादा भाग मापात बसला नाही की अण्णा जसे तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहत असतील, तशी त्यांनी वाटी हातात फिरवली. आई उठली. मोडक्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार देत म्हणाली, 'मला काही नको. पण माझ्या दादाला वाटतं, पोराने मला पाडलं. त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार, विलासही नाही सांगणार. तुम्ही.' अण्णा आत जाऊन हातपाय धुऊ लागले. हो म्हणाले नाहीत. पण आईने ते हो धरलं, आणि मीही.

वाट्यांसाठी मी नाना पेठ पालथी घातली. एका दुकानदाराने विचारलं, 'गाडी चालवता की पूजता?' पण त्यानेच माळ्यावरून धूळ खाल्लेलं खोकं काढलं. जुन्या वाट्या आतून सळई लावून ठोकून काढल्या, नव्या वाट्यांवर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू चहूबाजूंनी सारख्या बसवल्या. तिरप्या बसल्या की मेहनत फुकट. छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून ओळीने लावले. वरचा नट खडखड थांबेपर्यंत आवळला आणि मग केसभर मागे घेतला. आता हॅन्डल मध्यावरून जरा ढकललं की आपल्या वजनाने शेवटपर्यंत जाऊन पडत होतं, कुठेही न अडखळता. अण्णा बाहेर आले, त्यांनी एका बोटाने हॅन्डल इकडून तिकडे नेलं, पुन्हा नेलं. 'ठीक आहे,' म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी ती नगर रस्त्यावर नेली, त्याच वेगाला नेली, आणि मूठ पुरती सैल ठेवून हात सोडले. गाडी तारेवरून गेल्यासारखी सरळ गेली. मी रस्त्यावर एकटाच शिव्या देत होतो. कुणाला ते लिहीत नाही.

संक्रांतीला वाघोलीला तिळगूळ द्यायला जायचं ठरलं तेव्हा आईने एवढंच सांगितलं की ती विलासच्या मागे बसणार. तिघे काही गाडीवर मावणार नव्हते. अण्णा बसने आले. आम्ही आधी पोचलो आणि ओसरीवर त्यांची वाट पाहत बसलो. ते धुळीने माखून आले तेव्हा मामा हसला. मामाची जीभ तिखट होती, पण आईवर त्याचा फार जीव.

'दाजी, तुमी यस्टीनं आन ह्यो पाडनारा गाडीवर? न्याव उलटाच हाय की तुमच्या घरात.' मग आईकडे वळून, 'तुला तरी भ्या वाटलं न्हाय का गं, परत त्याच्याच मागं बसायला?'

मामीने चहा आणला होता. आई अण्णांकडे बघत होती, मी अण्णांकडे बघत होतो. दोन महिने मी या क्षणासाठी भाकऱ्या भाजल्या होत्या. अण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि माझ्याकडे अशा काही मायेने पाहिलं की मला क्षणभर वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, 'जाऊ द्या हो. पोर आहे. झालं ते झालं.'

मला क्षमा केली त्यांनी. सगळ्यांसमोर. मोठ्या मनाने. इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझी लेखणी कागदात रुततेय. मी उठलो. काय बोलणार होतो ते शब्दसुद्धा आठवतात मला. पण आईने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि भावाकडे वळली. खडकीत ती आमच्यासारखं बोलायची. माहेरी आली की तिची जुनी बोली परत यायची.

'त्याचा कायबी दोष न्हाय, दादा,' ती म्हणाली. 'माजाच पदर चाकात ग्येला.'

मामाने तिला फैलावर घेतलं. एवढी मोठी झालीस, पदर सांभाळता येत नाही, पोराला उगाच बोल लागला, हात गमावलास तो गमावलास, जीव गेला असता म्हणजे. आई खाली मान घालून ऐकत होती, अगदी मी ऐकायचो तशी. मामा माझ्याजवळ आला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, चुकलं रे बाळा म्हणाला, आणि माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला. अण्णांनी चहा संपवला.

आणि मी तो तिळगूळ खाल्ला. हेच सांगायला हे प्रकरण लिहायला घेतलं, आणि इथपर्यंत यायला इतकी पानं लागली. मला हलकं वाटलं. पाठीवरचं ओझं उतरलं, ते कुणाच्या पाठीवर गेलं याकडे मी बघितलं नाही. अण्णांचा राग मी आयुष्यभर केला, आजही करतो. पण त्या ओसरीवर दोघे पुरुष होते, दोघांना खरं माहीत होतं, आणि दोघे गप्प बसले.

त्या दिवसापासून घरातलं वाक्य बदललं. माझं लग्न झालं, बायको पहिल्यांदा माझ्या मागे गाडीवर बसली, तेव्हा अण्णा दारात येऊन तिला म्हणाले, 'पदर नीट सांभाळ हो, तुझ्या सासूने हलगर्जीपणा केला आणि हात गमावला.' आई त्यांच्या मागेच उभी होती, वाकड्या कोपराने दाराची चौकट धरून. मी किक मारली. पुढे माझ्या मुलींनाही ते हेच सांगत आणि आई हसून मान डोलवी, जणू तिलाही आता तसंच आठवत असावं. ती गेली तेव्हाही तेराव्याला मामाच्या मुलाने पदराची गोष्ट काढली. मी पानात वाढलेलं निमूट जेवलो.

मामाचा मुलगा अजून वाघोलीत आहे. मामाच्या शेतात आता सोसायटी उभी आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर तो राहतो. हे छापून आलं की पहिली प्रत घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे, आणि त्याच्या हातात देण्याआधी तोंडाने सांगणार आहे. त्या सकाळी निघताना आईने पदर कमरेला खोचला होता. दोनदा खोचला, कारण आपट्याची पिशवी धरायला तिला हात मोकळा हवा होता. मुरमातून मी तिला उठवलं तेव्हाही तो तसाच, घट्ट खोचलेला होता.